नोकरी करता करता दूरस्थ एम.ए., एम.कॉम.: या चुका टाळा

पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारे, बँकेत किंवा खासगी शाळेत नोकरी असलेले आपले कितीतरी इंदूरकर दूरस्थ पदव्युत्तर शिक्षणाला नाव नोंदवतात. पहिलं वर्ष उत्साहात जातं, दुसऱ्या वर्षी गाडी अडते. अडते कुठे ते पाहिलं, तर अभ्यासापेक्षा एखादा फॉर्म किंवा हुकलेली तारीखच बहुतेक वेळा आडवी आलेली असते.

सुरुवात विद्यापीठ निवडण्यापासून. मराठीतून शिकायला मिळेल म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे मन ओढतं आणि पुण्याच्या आत्याचा पत्ता देऊन प्रवेश घ्यायचं ठरतं. तसं करू नका. राज्य विद्यापीठांना दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतात, शिवाय प्रत्येक परीक्षेला रजा काढून महाराष्ट्र गाठावा लागेल तो वेगळाच. इथे राहणाऱ्यासाठी भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठ किंवा देशभर चालणारं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, हे सरळ मार्ग आहेत. विद्यापीठ कोणतंही असो, त्याच सत्रासाठी त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नका. मान्यता असेल तर पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा घरात कुणी नाक मुरडलं तरी मनाला लावून घेऊ नका.

प्रवेशाच्या वेळी लग्न झालेल्या मुलींना हमखास एक अडचण येते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं. २०२४ पासून प्रवेशासाठी डीईबी-आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो काढायला एबीसी-आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन श्रेयांक खात्याचा क्रमांक, लागतो. नावं जुळत नसतील तर फॉर्म तिथेच थांबतो. शेवटच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा विवाह नोंदणीचा दाखला आधीच हाताशी ठेवा.

आता असाइनमेंट, म्हणजे घरी लिहून जमा करायची उत्तरं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर. इग्नूच्या बहुतेक एम.ए., एम.कॉम. विषयांत असाइनमेंटला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार असतो, आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. परीक्षेत ७५ मिळाले आणि असाइनमेंट दिली नाही, तर ग्रेड कार्डावर तो विषय अपूर्णच राहतो. जूनच्या परीक्षेसाठी मुदत साधारण एप्रिलच्या आसपास येते, म्हणजे अकाउंट्सवाल्यांचं मार्चचं क्लोजिंग नुकतंच आटोपलेलं आणि लग्नसराई तोंडावर. डिसेंबरची मुदत ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या फराळाच्या गर्दीत. मुदत वाढेल या भरवशावर राहू नका. पुस्तकाचा एक खंड वाचून झाला की त्यावरचं उत्तर त्याच रविवारी लिहून टाका. त्यात वाचनही होतं आणि परीक्षेची तयारीही. मित्राची गेल्या वर्षीची असाइनमेंट उतरवून देण्यात दुहेरी धोका आहे: प्रश्न बदलत असतात आणि जुन्या सत्राची उत्तरं स्वीकारली जात नाहीत. असाइनमेंटची प्रश्नपत्रिका आपल्याच सत्राची आहे हे पाहून डाउनलोड करा, जमा केल्याची पावती जपा आणि उत्तरांचे फोटो काढून ठेवा. महिन्यांनी गुण दिसले नाहीत, तर दाखवायला तोच पुरावा असतो.

दुसरी मोठी गफलत निकालाची वाट पाहण्याची. पहिल्या वर्षाचा निकाल आला की दुसऱ्या वर्षाची फी भरू, असं शाळा-कॉलेजच्या सवयीने वाटतं. इग्नूत री-रजिस्ट्रेशनचा, म्हणजे पुढच्या वर्षाच्या नोंदणीचा, निकालाशी संबंध नसतो. पेपर दिला नसला किंवा राहिला असला तरी मुदतीत पुढच्या वर्षाची नोंदणी करायची असते. ती हुकली की पुढच्या सत्रापर्यंत थांबा. परीक्षेचा फॉर्म पुन्हा वेगळा. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेला बसता येतं, असं नाही.

सगळे पेपर एकाच वेळी देण्याचा हट्टही सोडा. इग्नूच्या दोन वर्षांच्या एम.ए.ला कमाल चार वर्षं मिळतात. कारखान्यात शटडाउनचं काम असेल तर जूनमध्ये निम्मे द्या, उरलेले डिसेंबरला. वेळापत्रक येताच साहेबांना लेखी कळवून रजा मागा. सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधीच खात्याची परवानगी घ्या, नाहीतर पदवी मिळूनही सेवापुस्तकात नोंद करून घेताना अडचण येऊ शकते.

आणि चार वर्षं उलटून गेली असतील, दोन-तीनच विषय उरले असतील, तर सगळं पाण्यात गेलं असं समजू नका. राहिलेल्या विषयांपुरती फी भरून री-अ‍ॅडमिशन, म्हणजे पुन्हा प्रवेश, घेण्याची सोय इग्नूत आहे. तिलाही मुदतीची अट आहे, म्हणून नावनोंदणी क्रमांक आणि ग्रेड कार्ड घेऊन या आठवड्यातच अभ्यास केंद्रावर जा.