गच्चीवरच्या टाकीच्या पातळीची खबर वायरशिवाय खाली कशी आणावी: दोन आर्दुइनो नॅनो, ४३३ मेगाहर्ट्झ आणि मँचेस्टर कोड

खालची मोटर चालू करायची आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला की धावत जाऊन बंद करायची. नवी मुंबईत कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळच्या रो-हाऊसमध्ये हा रोजचा प्रकार आहे. टाकी किती भरली ते खाली कळावे म्हणून गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढायची तर भिंत फोडावी लागते. त्यापेक्षा दोन छोटे मायक्रोकंट्रोलर आणि स्वस्तातली रेडिओ मॉड्यूलची जोडी यांत हे काम होते. मात्र मॉड्यूल जोडून थेट सिरियल डेटा पाठवला की कचराच बाहेर येतो. दोष मॉड्यूलचा नसतो, डेटा कोड न करता पाठवलेला असतो.

सामान असे लागेल: आर्दुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) २, ४३३.९२ मेगाहर्ट्झचा एएसके (लहरीची ताकद कमी-जास्त करून डेटा पाठवणारा) ट्रान्समीटर १ आणि रिसीव्हर १, उभ्या दांडीचे फ्लोट स्विच (पाणी चढले की तरंगून चालू होणारे) ४, १०० मायक्रोफॅरडचे २ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे २ कपॅसिटर, बझर १, आणि झाकणाला रबरी गॅस्केट असलेला प्लॅस्टिकचा बॉक्स. रिसीव्हर घेताना सुपरहेटरोडाइन (आलेली लहर आधी खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणून वाचणारा) मागा. जोडीत मिळणारा हिरवा, तांब्याच्या वळ्यांच्या कॉइलचा रिसीव्हर सुपररीजनरेटिव्ह, म्हणजे साध्या, स्वस्त रचनेचा असतो. तोही चालतो, पण स्लॅब मधे आला की फरक जाणवतो. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळे एका फेरीत मिळते.

भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा इमारतीच्या आतल्या, कमी शक्तीच्या वापरासाठी परवान्याशिवाय खुला आहे. शक्तीची मर्यादा १० मिलीवॅट. म्हणून ट्रान्समीटरचा बॉक्स जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीत आतल्या बाजूला बसवा आणि फ्लोटच्या वायरी तेवढ्या बाहेर टाकीपर्यंत न्या. ट्रान्समीटर १२ व्होल्टपर्यंत चालतो, तरी त्याला ५ व्होल्टच द्या. रेंज कमी पडली तर इलाज अँटेनात शोधायचा, व्होल्टेज वाढवण्यात नाही.

अँटेनाचे गणित सोपे आहे. ४३३.९२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग १७.३ सेंटिमीटर. नेटवर्क केबलमधली एकेरी तांब्याची तार काढा, सोल्डरच्या सांध्यापासून टोकापर्यंत १७.३ सेंटिमीटर मोजून कापा आणि दोन्ही मॉड्यूलच्या अँटेनाच्या भोकात सोल्डर करा. दोन्ही तारा सरळ आणि उभ्या ठेवा. एक उभी, एक आडवी असेल तर सिग्नल खूप घटतो. गच्चीवर पावसाळ्यासाठी घातलेली पत्र्याची शेड आणि पाण्याने भरलेली टाकी दोन्ही सिग्नल अडवतात. तार त्यांच्यापासून निदान हातभर लांब हवी, आणि तारेच्या खालच्या टोकापासून रिसीव्हरकडे पाहिल्यास मधे पत्रा येता कामा नये.

जोडणीत विशेष काही नाही. वर फ्लोट स्विच डी४ ते डी७ ला, दुसरे टोक ग्राउंडला, आतले पुल-अप (स्विच उघडा असताना पिन उंच धरणारे रोधक) चालू. ट्रान्समीटरचा डेटा डी१२ ला. खाली रिसीव्हरचा डेटा डी२ ला, कारण तिथे इंटरप्ट (पातळी बदलताच प्रोग्रॅमला हाक मारणारी सोय) आहे. रिसीव्हरच्या मधल्या दोन पिना आत एकमेकींना जोडलेल्या असतात, कोणतीही घ्या. दोन्ही मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या पिनांवरच १०० आणि ०.१ मायक्रोफॅरड लावा, दूर ब्रेडबोर्डच्या टोकाला नको. रिसीव्हरला मोबाइलच्या स्वस्त चार्जरवरून पुरवठा दिला की चार्जरचा स्विचिंग नॉइज थेट रेंज खातो. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर आणि ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी चिप) ही जुनी जोडगोळी इथे अजूनही उत्तम.

आता मूळ मुद्दा. रिसीव्हरमध्ये ‘१’ आणि ‘०’ ठरवायला पक्की पातळी नसते. आलेल्या सिग्नलची सरासरी काढून, तिच्या वर ते १ आणि खाली ते ०, असे तो ठरवतो. सलग बरेच शून्य पाठवले की सरासरी खाली घसरते, गेन (सिग्नल मोठा करण्याचे प्रमाण) आपोआप वाढतो आणि नॉइजच १ म्हणून बाहेर येऊ लागतो. म्हणून डेटात उंच आणि खालचा वेळ सतत सारखा राहिला पाहिजे. मँचेस्टर कोड नेमके हेच करतो. १९४९ च्या सुमारास मँचेस्टर विद्यापीठाच्या मार्क १ संगणकाच्या चुंबकीय ड्रमसाठी वापरलेली ही पद्धत आहे. प्रत्येक बिटाचे दोन अर्धे करायचे: ० म्हणजे आधी उंच मग खाली, म्हणजे १०, आणि १ म्हणजे ०१. उलटा संकेतही प्रचलित आहे. दोन्ही बाजूंना एकच ठेवा म्हणजे झाले.

टाकी ७५ टक्के आहे, म्हणजे चारपैकी तीन फ्लोट वर आहेत असे धरा. ७५ चे द्विमान ०१००१०११. कोड केल्यावर हवेत जाते ते १० ०१ १० १० ०१ १० ०१ ०१. मोजून पाहा: आठ एक, आठ शून्य, आणि सलग दोनपेक्षा जास्त सारखे अर्धबिट कुठेच नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती लगेच कामाला येते.

अर्धबिट ५०० मायक्रोसेकंदांचा ठेवा, म्हणजे सेकंदाला १००० बिट. टाकीच्या पातळीला एवढा वेग भरपूर आहे आणि स्वस्त रिसीव्हरला तो झेपतो. पॅकेटच्या सुरुवातीला १०१०… असे ४० अर्धबिट पाठवा. त्या २० मिलिसेकंदांत रिसीव्हरचा गेन जागेवर येतो. त्यानंतर सिंक, म्हणजे डेटा कुठे सुरू होतो ते सांगणारी खूण: १११०००. सलग तीन सारखे अर्धबिट मँचेस्टरमध्ये कधीच येत नाहीत, म्हणून ही खूण डेटात चुकूनही सापडणार नाही. मग पाच बाइट: पत्ता, अनुक्रमांक, पातळी, पुरवठ्याचे व्होल्टेज, आणि सीआरसी-८ (वाटेत चूक झाली का ते ओळखायचा तपासणी बाइट). सीआरसीसाठी बहुपदी ०००००१११ चालेल.

इथे दोन खाचखळगे आहेत. पत्त्याचा पहिला बिट ० असलाच पाहिजे, म्हणजे पत्ता १२८ पेक्षा लहान. तो १ असेल तर कोड ०१ ने सुरू होतो, सिंकचे तीन शून्य चार होतात आणि रिसीव्हर सिंक ओळखतच नाही. दुसरा खळगा शेवटी आहे. रिसीव्हर कडा, म्हणजे पातळी बदलण्याचे क्षण मोजतो. शेवटचा अर्धबिट ० असेल तर त्यानंतर कडच येत नाही आणि तो अर्धबिट मोजला जात नाही. म्हणून शेवटी आणखी एक १० शेपटी म्हणून जोडा. ही शेपटी विसरली की निम्मी पॅकेट पोहोचतात आणि निम्मी गळतात, सीआरसीचा शेवटचा बिट काय निघाला त्यावर. माणूस मात्र दिवसभर अँटेना हलवत बसतो. एकूण ४० + ६ + ८० + २ = १२८ अर्धबिट, म्हणजे ६४ मिलिसेकंद.

पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अर्धबिटानंतर ५०० मायक्रोसेकंदांचा डिले टाकू नका. पिन बदलायला लागणारा वेळ दर वेळी त्यात मिळत जातो. सुरुवातीची वेळ नोंदवा आणि अमुकाव्या अर्धबिटाला सुरुवात + क्रमांक × ५०० इतकी वेळ होईपर्यंत थांबा.

घेणाऱ्या बाजूला डी२ ची पातळी बदलली की इंटरप्ट येतो. आधीच्या कडेपासून किती वेळ गेला तेवढेच तिथे मोजा. २५० ते ७५० मायक्रोसेकंद म्हणजे एक अर्धबिट, ७५० ते १२५० म्हणजे दोन, १२५० ते १७५० म्हणजे तीन. खिडक्या अशा रुंद ठेवायचे कारण, हे रिसीव्हर उंच पल्स ताणतात आणि खालची आखडतात. तीन उंच, लगेच तीन खाली, असे दिसले की पुढचे अर्धबिट जोडीजोडीने घ्या. १० आले तर ०, ०१ आले तर १. ००, ११ किंवा खिडकीबाहेरचा वेळ आला तर सगळे टाकून पुन्हा सिंकची वाट पाहा. ट्रान्समीटर गप्प असताना रिसीव्हर अखंड नॉइज ओकत असतो, म्हणून इंटरप्टमध्ये छापाछापी अजिबात नको. सीआरसी तपासणे मुख्य लूपमध्ये.

इथे परत फेरीचा रेडिओ नाही, त्यामुळे पोच मिळत नाही. दर ३० सेकंदांनी तेच पॅकेट त्याच अनुक्रमांकाने तीनदा पाठवा, मधे १५० ते ४०० मिलिसेकंदांचे यादृच्छिक अंतर ठेवून. शेजारच्या घराची वायरलेस बेल, गाडीचा रिमोट याच पट्ट्यात बोलतात. ठरावीक अंतर ठेवले तर एखाद्याशी सतत टक्कर होऊ शकते. आणि कोड म्हणजे कुलूप नव्हे. मँचेस्टर कुणीही वाचू शकतो, त्यामुळे या जोडीवर दरवाजा उघडणे-बंद करणे सोपवू नका.

पहिली चाचणी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून करू नका, अगदी जवळ रिसीव्हर गुदमरतो. दोन-तीन मीटर अंतर ठेवा. नंतर जागेवर बसवून दिवसभर अनुक्रमांक नोंदवा. कोणते नंबर गळाले ते पाहून अँटेनाची जागा बोटभर, वीतभर सरकवा. रिसीव्हरवरच्या कॉइलचा स्क्रू फिरवायचा मोह आवरा.

खाडीकडची दमट हवा जूनपासून सोल्डरचे सांधे हिरवे करते. चाचणी झाल्यावर सांध्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या, कॉइल आणि तिचा स्क्रू सोडून. फ्लोटच्या वायरी बॉक्समध्ये खालूनच घ्या आणि आत शिरण्याआधी त्यांना झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळते, आत जात नाही.

बझर दोन प्रसंगी वाजवा: पातळी १०० आली तर, आणि दोन मिनिटे एकही खरे पॅकेट आले नाही तर. दुसऱ्यासाठी आवाज वेगळा, तुटक ठेवा. हा इशारा नसेल आणि वरची वीज गेली असताना खालचा नॅनो जुनेच ५० टक्के धरून बसला, तर त्यावर विसंबून मोटर चालूच राहते.