द्राक्षांतले तांबे : मूल्यांकनाच्या कामातले पहिले वर्ष

अन्नातील कीडनाशक-अंशांच्या मूल्यांकनाचे काम मी सुरू केले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नाशिककडच्या द्राक्षांचा एक अहवाल माझ्यापुढे आला. त्यात किलोमागे 9 मिलिग्रॅम तांबे होते; द्राक्षांवर फवारल्या जाणाऱ्या काही बुरशीनाशकांत तांबे असते. 'कीडनाशकाचा अंश : 9' असे लिहून मी मोकळा झालो आणि टिपणी लाल शाईतल्या एकाच प्रश्नासह परत आली : 'न फवारलेल्या द्राक्षांत किती असते?'

या क्षेत्रात येणाऱ्याने सुरुवात याच प्रश्नापासून करावी. इतर बहुतेक कीडनाशके न फवारलेल्या फळात नसतात. तांबे मात्र मातीतून प्रत्येक पिकात उतरते. साध्या द्राक्षांत ते किलोमागे सुमारे 1 मिलिग्रॅम असते आणि ज्याला कधी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) लागलेले नाही अशा काजूगरात 20च्या आसपास. नमुना नायट्रिक आम्लात विरघळवून यंत्रात घातला की फवारणीतले मोरचूद किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि झाडाचे स्वतःचे तांबे यांत काहीच फरक उरत नाही. म्हणून त्याच भागातला, त्याच वाणाचा न फवारलेला नमुना सोबत नसेल, तर हाती आलेल्या आकड्याला 'अंश' म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. (एकदा आमचा कोरा नमुनाच, म्हणजे फळ न घालता तपासलेले नुसते आम्ल, तांबे दाखवू लागला. आम्ही दोन दिवस यंत्राला दोष देत होतो. शेवटी कळले की आम्लात धुतलेली भांडी कोणीतरी पितळी नळाखाली विसळत होते.)

बागेत एकदा तरी जाऊन यावे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी हे एक टक्का बोर्डोचे प्रमाण पुस्तकात मिळते, पण मिश्रणात लोखंडी विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का हे पाहणारा शेतकरी चुना कमी पडला आहे का तेच तपासत असतो. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी मारलेल्या या औषधाचे निळसर डाग एका मण्यावर दाट, तर शेजारच्या मण्यावर अजिबात नसतात. चार मणी खुडून आणलेला नमुना म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

खरी कसोटी हिशेबात लागते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये तांब्याचे स्वीकार्य दैनिक सेवन शरीराच्या किलोमागे 0.15 वरून 0.07 मिलिग्रॅमवर आणले. प्रौढाने दिवसाला 5 मिलिग्रॅम घेतले तरी ते शरीरात साठत नाही, हा त्यामागचा आधार होता. 60 किलोच्या माणसासाठी ही मर्यादा 4.2 मिलिग्रॅम होते. आमच्या नमुन्यातली 200 ग्रॅम द्राक्षे 1.8 मिलिग्रॅम देतात, पण भाकरी, डाळ आणि शेंगदाण्यांतून दिवसाचे दीडेक मिलिग्रॅम आधीच पोटात गेलेले असते. तुलना या बेरजेची करायची, केवळ द्राक्षांची नाही. शिवाय ही मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनाची आहे, तर द्राक्षांचा हंगाम काही महिन्यांचा.

15 किलोच्या मुलाचा हिशेब केल्यावर मी घाबरलो होतो. त्याची मर्यादा 1.05 आणि 100 ग्रॅम द्राक्षांतूनच 0.9 जाते, उरलेले जेवण धरले की आकडा सरळ ओलांडला जातो. मात्र वाढत्या वयात शरीराला तांब्याची गरज अधिक असते आणि त्या प्राधिकरणानेही लहान मुलांमधील अशा ओलांडण्याला तेवढ्यावरून धोका ठरवलेले नाही. असा निष्कर्ष लिहिताना 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' हे दोन्ही शब्द मी टाळतो. विल्सन आजाराच्या रुग्णांना मात्र ही मर्यादा लागूच होत नाही, कारण त्यांच्या यकृतातून तांबे नीट बाहेर पडत नाही.

बेदाण्याचा अहवाल आला तर सावध राहावे : साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो आणि पाणी उडाले तरी तांबे मागेच राहते. ताज्या फळाचा आकडा तसाच उचलून बेदाण्याला लावण्याची चूक अजूनही अनेकांच्या टिपणीत दिसते.

माझी ती पहिली टिपणी तिसऱ्या खेपेस मंजूर झाली. त्या वेळी 'अंश' या शब्दाच्या जागी दोन रकाने होते : एकूण तांबे 9, न फवारलेल्या नमुन्यात 1.