भरपूर पळालेला ट्रक लवकर बसवायचा नसेल तर या चुका टाळा

बेळगावकडून येऊन तवंदी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. डिझेल वाचतं म्हणे. वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल पीतच राहतं. शिवाय एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून इंजिनाकडूनच गाडी आवरणारा ब्रेक, गिअरमध्येच लागतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर. ड्रम तापतात, ब्रेकचे लायनर गुळगुळीत होऊन चकाकतात, पेडल दाबूनही गाडी पुढेच जाते. हबमधलं ग्रीस वितळून बेअरिंग जातं ते वेगळंच. जो घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, तो त्याच गिअरमध्ये उतरा. अनमोड, आंबोलीला तर यात तडजोडच नको. आणि खाली पोचल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडे जातात.

पाण्याचंच निघालं म्हणून सांगतो, इंजिनाचा खरा वैरी रेडिएटरमधलं बोअरचं पाणी. ढाब्यावर बादली दिसली की ओतली, असं चालतं. त्यातले क्षार इंजिनाच्या लायनरच्या (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळीच्या) बाहेरून आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, मग गाडी चढाला तापायला लागते. त्याहून वाईट प्रकार डोळ्यांना दिसत नाही. लायनरच्या थरथरीने पाण्यात बारीक बुडबुडे उठतात आणि लायनरवर फुटून खड्डे पाडतात. कूलंटमधलं औषध ते रोखतं, साध्या पाण्यात ते नसतंच. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक ओढल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. ‘बेळगावपर्यंत नेऊ की, मेस्त्री बघतील’ म्हणत ओढली तर बेअरिंग आणि क्रँक दोन्ही जातात. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील तर आधी हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगवर) संशय घ्या.

उसाच्या हंगामात आणखी एक घोळ होतो. कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत गाडी तासन्‌तास चालू, मीटर मात्र हलत नाही. ऑइल किलोमीटरवरच बदलणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे. ऑइल तर तासांनीही म्हातारं होतं. हंगामात ते लवकर बदला आणि रांगेत क्लचवर पाय ठेवून बसू नका. शेतातल्या धुळीने एअर फिल्टर भरतो, तो आपटून किंवा जोरात हवा मारून साफ करतात. कागद फाटला की धूळ थेट टर्बोत आणि पिस्टनच्या रिंगांवर. निळा धूर निघायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

धुराच्या नव्या नियमांतल्या बीएस-सिक्स गाड्या एप्रिल २०२० पासून आल्या आणि धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाची टाकी जवळपास सगळ्याच मोठ्या गाड्यांवर आली. इकडे घरोघरी शेतीच्या युरियाची पोती, त्यामुळे तोच पाण्यात विरघळवून ओतायची अक्कल काहींना सुचते. त्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, गाडीला लागतं ते शुद्ध पाण्यातलं ३२.५ टक्क्यांचं द्रावण. आधी युरियाची नोझल चोकते, मग डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, मग गाडी ओढतच नाही. सायलेन्सरमधलं धूर साफ करणारं महागडं कॅटॅलिस्ट बदलायची वेळ आली की वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

वजनाबद्दल थोडकंच. २०१८ मध्ये दहा टायरच्या गाडीची मालासकट वजनाची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली, पण त्याने जुन्या गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जाड झाले नाहीत. पाटा बदलला की भरली फेरी मारून आल्यावर पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळून घ्या. ढिला राहिला तर सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि मग टायर एका बाजूने खायला लागतात. मालक अलाइनमेंटवाल्यालाच शिव्या देत बसतो.

रोजचं एक काम क्लीनरवर न सोडता स्वतः बघा: ब्रेकला हवा देणाऱ्या एअर टाकीचा ड्रेन. पावसाळ्यात खानापूरकडे हवेत इतका ओलावा असतो की सकाळी कॉक उघडला की पिचकारीच उडते. नुसतं पाणी आलं तर ठीक. त्यात ऑइल जास्त दिसलं तर कंप्रेसरच्या रिंगा गेल्यात, आणि एअर ड्रायर असेल तर त्याचं फिल्टरही त्याच वेळी बदला.