आधी कळ, मग गुंगी: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला किती झोपवायचं

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हातपाय झाडू लागला, मशिनशी भांडू लागला की रात्रपाळीत पहिला हात जातो मिडाझोलम या गुंगीच्या औषधाच्या पंपाकडे. तो आधी आवरा. ट्यूब सरकली आहे का, कफ अडकलाय का, दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का, ऑक्सिजन किती आहे, हे बघा. मग कॅथेटरची नळी पायाखाली दुमडली आहे का तेही बघा. तुंबलेल्या लघवीवर गुंगीचं औषध चालत नाही.

हे सगळं ठीक असेल तर कळ मोजा. रुग्ण बोलू शकत नाही म्हणून सीपॉट ही कळ मोजायची गुणपट्टी वापरायची: चेहरा, हालचाल, हात वाकवताना जाणवणारा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणारा श्वास. प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 8. बेरीज 3 किंवा जास्त आली तर कळ आहे असं धरून औषध द्या. नुसत्या नाडी-बीपीवरून ठरवू नका. ताप, रक्तस्राव, बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन, सगळ्यांनीच ते आकडे हलतात.

फेंटानिल या कळीच्या औषधाचा पंप असा भरा: 500 मायक्रोग्रॅम म्हणजे 10 मिली, त्यात 40 मिली सलाइन. एका मिलीत 10 मायक्रोग्रॅम, म्हणून हिशेब सोपा. आधी 25 ते 50 मायक्रोग्रॅमचा बोलस (एकवेळचा डोस) सावकाश द्या, मग तासाला 2.5 ते 5 मिलीवर पंप सुरू करा. इथली नेहमीची चूक म्हणजे बोलस न देता नुसता रेट वाढवणं. रेट वाढवल्याचा पुरता परिणाम दिसायला काही तास लागतात. तोवर माणूस अधीर होऊन आणखी वाढवतो आणि सकाळी रुग्ण हलतच नाही. बोलस नॉरअॅड्रेनलिनच्या लाइनमधून कधीच देऊ नका. नळीतलं नॉरअॅड्रेनलिन पुढे ढकललं जातं आणि बीपी एकदम उसळतं. सक्शन (ट्यूबमधला कफ ओढणं) किंवा कूस बदलायच्या पाच मिनिटं आधी छोटा बोलस दिला तर बरीच झटापट टळते. जोडीला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर सहा तासांनी, यकृत बरं असेल तर. वजन 50 किलोच्या खाली असेल तर डोस वजनाप्रमाणे. किडनी बसलेली असेल तर मॉर्फीन टाळा, त्याचे घटक साचतात. आणि पहिल्याच दिवशी जुलाबाचं औषध लिहा, पोट फुगेपर्यंत थांबू नका.

कळ आवरूनही अस्वस्थता उरली तरच गुंगी. किती, ते रास या जागेपणा-गुंगीच्या मोजपट्टीवर ठरवा आणि चार्टवर आकडा लिहा. बहुतेकांसाठी 0 ते उणे 2. अर्धा मिनिट नुसतं बघा. मग नावाने हाक मारा: “काका, डोळे उघडा, माझ्याकडे बघा.” डोळे उघडून दहा सेकंदांहून जास्त नजर टिकली तर उणे 1. त्याआधीच पापण्या मिटल्या तर उणे 2. हललं पण नजर भिडली नाही तर उणे 3. हाकेला काहीच नाही, खांदा हलवल्यावर हालचाल झाली तर उणे 4. गाढ गुंगी मुद्दाम लागते ती थोड्यांना: मेंदूवर दाब, न थांबणारी फिट, स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलेला गंभीर एआरडीएस (फुफ्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन कमी पडणं). या शेवटच्या प्रकारात रास निरुपयोगी. रुग्ण हलूच शकत नाही, म्हणून गुंगी आणि कळीचं औषध शिथिल करण्याच्या आधीच पुरेसं हवं.

प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाने कळ थांबत नाही, बीपी मात्र पडतं. 60 किलोच्या रुग्णाला तासाला किलोमागे 1 मिग्रॅ म्हणजे 1 टक्का औषध 6 मिली. दिवसाला त्यातून सुमारे 160 कॅलरीची चरबी जाते, ती आहारात धरा. तासाला किलोमागे 4 मिग्रॅच्या वर बराच काळ गेलं तर अॅसिडोसिस (रक्तात वाढलेलं आम्ल), वाढता सीपीके (स्नायूंना इजा दाखवणारी रक्ततपासणी), मंदावणारी नाडी यांवर डोळा ठेवा. संशय येताच बंद. सेट आणि बाटली 12 तासांत बदला, त्यात जंतू झपाट्याने वाढतात.

डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाने रुग्ण हाकेला उठतो आणि श्वास दबत नाही. 200 मायक्रोग्रॅम 50 मिलीत केलं तर मिलीला 4 मायक्रोग्रॅम. 60 किलोला तासाला किलोमागे 0.4 मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने 6 मिली. सुरुवातीचा बोलस सहसा वगळा, नाडी 40वर येते. मिडाझोलम स्वस्त आणि सगळीकडे मिळतं, पण चरबीत आणि बिघडलेल्या किडनीत साचतं, भ्रमही वाढवतं.

रोज सकाळी गुंगी थांबवून बघा. फिट, मेंदूचा दाब, दारूचं विड्रॉअल (दारू तुटल्यावरचा त्रास), ताजा हार्ट अटॅक किंवा शिथिल करणारं औषध चालू असेल तर नाही. श्वासाचा वेग पाच मिनिटं मिनिटाला 35च्या वर, ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली किंवा फार धडपड झाली तर पुन्हा सुरू, पण आधीच्या निम्म्या डोसवर. जमलं तर लगेच स्वतःच्या श्वासाची चाचणी घ्या. श्वासाची चाचणी न घेता नुसती गुंगी उतरवण्यात अर्धाच फायदा.

आठवडाभर फेंटानिल चाललं असेल तर ते एकदम तोडू नका, टप्प्याटप्प्याने उतरवा. दुसऱ्या दिवशी घाम, जांभया, जुलाब आणि धडधडती नाडी, म्हणजे औषध तुटल्यासारखी लक्षणं, दिसली तर नवं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक बदलण्याआधी पंप कधी आणि किती कमी केला ते चार्टवर शोधा.