.२२ मॅच रायफलला बाहेरचे पार्ट लावताय? या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं आणि ‘थ्री पोझिशन’ (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. चांगलंच झालं. पण त्यासोबत फोटो झूम करून पार्ट ओळखायचा एक नाद पोरांना लागला. खांद्याला टेकणारी बट प्लेट कुठली, पुढची नळी केवढी, वजनं किती लावलीत. मग तेच सगळं आपल्याही रायफलवर पाहिजे. पार्ट येतात, पैसे जातात, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पसारा, होता तेवढाच राहतो. कधीकधी मोठा होतो.

इथं फक्त ५० मीटरच्या .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या) मॅच रायफलबद्दल बोलू. दुर्बीण नाही, नेम धरायला पुढं रिंग आणि मागं बारीक भोकाची साइट, म्हणजे डायऑप्टर.

एक गोष्ट आधीच निकालात काढलेली बरी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. बॅरल बदलणं, ती आखूड करणं, काडतूस बसतं त्या चेंबरला हात लावणं, बॅरलच्या तोंडाला आटे पाडणं ही कामं परवानाधारक गनस्मिथची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीचा टर्नर आहे आणि तो पाव मिलिमीटरलाही चुकत नाही, हे मान्य. तरीही त्याच्याकडं हे काम न्यायचं नाही. आपल्या हातात उरतं ते ॲलन कीनं लागणारं आणि निघणारं सामान. गोंधळ घालायला तेवढंही भरपूर आहे.

आणि कुठल्याही स्क्रूला हात लावायच्या आधी बोल्ट बाहेर काढायचा, चेंबरमध्ये डोळ्यानं बघायचं, सेफ्टी फ्लॅग लावायचा. दर वेळी.

बॅरल गेली असं परस्पर ठरवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. एका ज्युनियर नेमबाजाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. लाकडी स्टॉकची (दस्त्याची) जुनी रायफल, १० गोळ्यांचा ग्रुप १४-१५ मिलिमीटरचा. पावसाळा संपला, ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि ग्रुप ३० वर गेला. गोळ्या उभ्या रेषेत पसरायला लागल्या. रेंजवर चार जणांनी बघून सांगितलं, बॅरल संपली. पोरानं आधी महागडी काडतुसं घेतली, मग बॅरलच्या तोंडाला लावायचा ट्यूनर मागवला, मग दुसऱ्या कंपनीची काडतुसं. यात तीन महिने गेले. शेवटी कुणीतरी ॲक्शन (बोल्ट आणि चेंबरचा धातूचा गाभा) स्टॉकला धरून ठेवणाऱ्या स्क्रूला की लावली, तर मागचा स्क्रू दोन बोटांनी पाव फेरा फिरला.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

कारण साधं आहे. कोल्हापूरच्या पावसात लाकूड ओल धरतं आणि फुगतं, म्हणून स्क्रू घट्ट वाटतो. ऑक्टोबरात तेच लाकूड आकसतं आणि ॲक्शन स्टॉकमध्ये हलायला लागते. हालचाल डोळ्याला दिसत नाही, पण दर गोळीला ॲक्शन थोडी वेगळी बसते. ट्यूनर असल्या ढिल्या रायफलवर काहीच करू शकत नाही. त्याचं काम बॅरलची थरथर जुळवायचं. ॲक्शनच जागेवर नसेल तर थरथर दर वेळी निराळी.

तपासणी पाच मिनिटांची आहे. रायफल उभी धरा, स्टॉक आणि बॅरल जिथं भेटतात तिथं बोट असं ठेवा की दोन्हींना टेकेल. मग पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करा. बोटाला हालचाल जाणवली तर ॲक्शन स्टॉकमध्ये नीट बसलेली नाही, ती ताणून बसवलीय. तिथं बेडिंगचं, म्हणजे ॲक्शनची स्टॉकमधली बैठक नीट करायचं, काम आहे, नवा पार्ट नको. हालचाल नसेल तर दोन्ही स्क्रू काढा, आट्यांवरचं तेल पुसा आणि टॉर्क रेंचनं आवळा. आधी पुढचा २ न्यूटन-मीटर, मग मागचा २, मग आलटून पालटून ३, ४ असं वर. बऱ्याच मॅच रायफलींना ५ च्या आसपास चालतं, पण आपल्या रायफलच्या पुस्तकातला आकडा अंतिम. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यापासून स्टॉकपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. रेघ तुटली की स्क्रू हलला. टॉर्क रेंच महाग वाटतो त्यांनी बॅरलची किंमत विचारून यावं.

‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्यांचा हात सकाळी एक आणि दुपारी एक असतो.

फोटो बघून घेतलेली बट प्लेट

पहिला पैसा बट प्लेट आणि गाल टेकवायच्या चीक पीसवरच घालावा, यात वाद नाही. पण मोठ्या खेळाडूची बट प्लेट त्याच्या खांद्याला जुळवलेली असते. ती पाच दिशांना सरकते म्हणजे तिला पाच ठिकाणी ढिलं व्हायलाही वाव असतो. नवख्यानं आधी उंची आणि लांबी बदलता येणारी साधी प्लेट घ्यावी. तिरकेपणा वगैरे पुढच्या वर्षी.

जुळलं की नाही हे बघायची पद्धत एकच. पोझिशन घ्या, डोळे मिटा, डोकं चीक पीसवर सैल सोडा, दहापर्यंत मोजा, डोळे उघडा. डायऑप्टरच्या भोकातून पुढची रिंग बरोबर मध्ये दिसली पाहिजे. डोळा भोकाच्या खाली राहत असेल तर चीक पीस वर घ्या, वर राहत असेल तर खाली. मान उचलून किंवा गाल दाबून रिंग मध्ये आणत असाल तर चाळिसाव्या गोळीला मान थकते आणि ग्रुप घसरतो. पोरं तेव्हा काडतुसाला शिव्या देतात.

नीलिंग, प्रोन, स्टँडिंग या तिन्हींची मापं वेगळी येणार. व्हर्नियरनं मोजून वहीत लिहा, पार्टवर बारीक खूण करा. स्पर्धेत पोझिशन बदलताना घड्याळ थांबत नाही, तिथं अंदाजानं फिरवायला वेळ नसतो. एका दिवशी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर किमान ४० गोळ्या मारल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. सकाळी चीक पीस, दुपारी हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा), संध्याकाळी स्लिंग (दंडाचा पट्टा) असं करणाऱ्याला फरक कशानं पडला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

साइटखालचे रायझर

मान सरळ राहावी म्हणून साइट उंच करणारे ठोकळे लावतात. कल्पना उत्तम आहे. गडबड होते ती पुढचा एका जागचा आणि मागचा दुसऱ्या जागचा घेतल्यावर. दोन्हींच्या उंचीत १ मिलिमीटरचा फरक पडला तर काय होतं, हिशोब करा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरलं तर ५० मीटरवर गोळी ६२ मिलिमीटर सरकते. टार्गेटच्या काळ्या गोलाची त्रिज्या ५६.२. म्हणजे पुढचा ठोकळा १ मिलिमीटर उंच झाला की मध्यावर धरलेली गोळी काळ्याच्या खाली, पांढऱ्यात. मग पोरगं डायऑप्टर फिरवत सुटतं, फिरवता फिरवता चकती शेवटाला लागते आणि त्याला वाटतं साइटच खराब. ठोकळे जोडीनंच घ्या आणि बसवायच्या आधी दोन्ही व्हर्नियरमध्ये धरा.

साइटची रेषा बॅरलपासून जितकी उंच, तितका रायफल कलल्याचा दोष वाढतो. रायझर लावले की पुढच्या साइटमध्ये बुडबुड्याची लेव्हल घालून सराव करा. ती नको असेल तर रायझरही नको.

ॲक्शनवरची साइटची खाच बहुतेक मॅच रायफलींवर ११ मिलिमीटरची असते. विकणारा ‘बसेल’ म्हणाला तरी मापून घ्या. पुढच्या साइटच्या नळीतही एम १८ आणि एम २२ अशी दोन मापं आहेत. एका मापाची रिंग दुसऱ्यात बसत नाही, आणि निम्मे लोक ते डबी उघडल्यावर वाचतात.

रिंग बारीक घ्यायची हौस तर विचारूच नका. डोळ्यापासून रिंग ९० सेंटिमीटरवर असेल तर तिथं टार्गेटचा काळा गोल साधारण २ मिलिमीटरचा दिसतो. भोवती पांढरं भरपूर राहिलं पाहिजे. ३.८ किंवा ४.० पासून सुरुवात करा, पोझिशन स्थिर झाल्यावर ०.१-०.२ नं खाली या. रिंग आवळली की डोळा काळा मध्ये आणायला धडपडतो, बोट थांबतं आणि धरून ठेवलेली गोळी जाते नऊला.

काडतूस हाही पार्टच

रिमफायर काडतूस घरी भरता येत नाही. म्हणून योग्य लॉट (एकाच वेळी बनलेला काडतुसांचा साठा) शोधणं एवढंच आपल्या हातात राहतं, आणि नव्या पार्टपेक्षा फरक बहुतेक वेळा तिथंच पडतो. मॅच काडतुसाची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२०-३३० मीटरनं सुटते, आवाजाच्या वेगाच्या खाली. हाय व्हेलॉसिटी काडतूस आवाजाच्या वर सुटतं आणि टार्गेटच्या वाटेवर त्याच्या खाली येतं. त्या ओलांडणीत गोळी डळमळते. जोरदार म्हणजे चांगलं हे गणित इथं लागू नाही.

नाव एकच, लॉट दुसरा, म्हणजे काडतूस दुसरं असं समजा. इले कंपनीच्या मॅच काडतुसांच्या डबीवर लॉट नंबरासोबत वेगही छापलेला असतो, तो वहीत उतरवा. नवा लॉट तपासताना आधी १०-१५ गोळ्या बॅरल जुळवायला सोडा, कारण प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं. मग १०-१० चे चार ग्रुप. ५ गोळ्यांचा ग्रुप भाग्यावर येतो, त्याचा फोटो काढून फिरवू नका. १० ची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि गोळी ५.६ ची, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर १० मिळतात. ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरच्या आत येत असेल तर रायफल तुमच्यापेक्षा चांगली आहे. तेव्हा पार्टची यादी फाडून टाका.

परवान्यावर जितकी बसतात तितकी त्याच लॉटची घ्या. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण पातळ होतं.

बाकीचं थोडक्यात

ट्रिगरचे स्क्रू पुस्तक उघडून फिरवा. सिअर (ट्रिगरमधला, पिन अडवून धरणारा तुकडा) पॉलिश करणारा घरचा कारागीर जिथं दिसेल तिथं रायफल उचलून निघा. फिरवून झाल्यावर रिकामी रायफल कॉक करा, बट रबरी मॅटवर दोन-तीनदा आपटा. फायरिंग पिन सुटली तर रेंजवर न्यायची नाही, गनस्मिथकडं.

रिकाम्या रिमफायरवर ड्राय फायर करायचं तर ड्राय फायरचा प्लग किंवा पिन घाला. नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथं खाच पडली की काडतुसाचं रिकामं खोकं अडकायला लागतं.

स्लिंग ४० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. दंडाच्या नाडीवर बसली तर रिंग ठोक्याबरोबर उडी मारते, ती वर सरकवा. नवी घ्यायची गरज नाही.

साफसफाई मागच्या बाजूनं, रॉड गाइड घालून. बॅरलच्या तोंडातून रॉड घालणाऱ्याला नवी बॅरल लवकर लागेल. साफ केल्यावर पहिल्या १०-१५ गोळ्या मोजायच्या नाहीत.

पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका. फोम ओल धरतो आणि जिथं धातू टेकतो तिथं गंज येतो. घरी आल्यावर पुसा, तेलाचा हात फिरवा, पेटीत सिलिका जेल ठेवा.

वजनं मात्र इथंच बनवा

वजन म्हणजे लोखंडाचा तुकडा. तो बाहेरून मागवून त्यावर कस्टम भरणं शुद्ध वेडेपणा आहे. उद्यमनगरात २५ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोल बार २६ मिलिमीटर कापून घेतला की १०० ग्रॅम. पितळेचा असेल तर २४ मिलिमीटर. मधल्या भोकाचं वजन जातं, तेवढी लांबी वाढवा. कडा चांफर करून घ्या. रेलमध्ये सरकणाऱ्या नटच्या कडा तर नक्कीच, कारण रेल ॲल्युमिनियमची आणि नट लोखंडाचा, धार राहिली तर रेल खरवडतो. आट्याचा पिच गेजनं बघा. एम ६ चा साधा पिच १ मिलिमीटर, पण अमेरिकन पार्टवर इंची आटे येतात. पाव इंची भोकात एम ६ चा बोल्ट सैल शिरतो आणि तीन-चार आट्यांवर अडकतो. तिथं जोर लावलात की आटे गेले.

सुरुवात १०० ग्रॅमनं, हँडस्टॉपच्या पुढं. पुढं खूप वजन लावलं की स्टँडिंगला रायफल स्थिर वाटते, पण विसाव्या गोळीला कंबर बोलायला लागते. प्रत्येक बदलानंतर साइट आणि हँडस्टॉपसकट रायफल काट्यावर ठेवा, ५० मीटरला मर्यादा ८ किलोची आहे. वाण्याचा काटा पाच-दहा ग्रॅम इकडं तिकडं दाखवतो, म्हणून ७.९ वरच थांबा.