म्हाताऱ्या पेशंटसाठी टीम बांधायची कशी आणि टिकवायची कशी

जत, आटपाडीकडच्या एखाद्या गावात एका आजींना बघणारी माणसं मोजा. आशाताई, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), पीएचसीचे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, मिरजेतले हार्टवाले, हाडाचे वेगळे, वर गावातला मेडिकलवाला, आणि यातलं कुणी कुणाशी बोलत नाही. मग होतं काय, बीपीची अ‍ॅमलोडिपिन सरकारी दवाखान्यातली चालू असते, तीच दुसऱ्या कंपनीच्या नावानं मिरजेहून येते, गुडघ्याला डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी मेडिकलमधनं, आजी सगळं घेतात, पाय सुजतात, उठताना चक्कर येते आणि सगळे म्हणतात वय झालं. खरंच राग येतो हो.

म्हणून सुरुवात मीटिंगनं नको, गोळ्यांच्या पिशवीनं करा. आशाताईंनी घरातली सगळी औषधं, उशाखालची, देव्हाऱ्याजवळची, झाडपाल्याची पण, पिशवीत घालून आणायची आणि सीएचओंनी वहीत उतरवायची, कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव, कुणी दिलं, कधी घ्यायचं. वही पेशंटच्या घरीच राहणार, मिरजेला जाताना सोबत न्यायची. गोळी बंद करायची का ते डॉक्टर ठरवणार, पण बंद केली की कारण लिहायचंच, नायतर पुढचा डॉक्टर परत चालू करतो.

मग आठवड्याला एकदा वीसेक मिनिटं बसा, चार-पाचच पेशंट घ्या. आशाताईंनी आधी बोलायचं, डॉक्टरांनी शेवटी. हे मोडू नका, कारण साहेब एकदा बोलले की बाकीचे नुसती मान हलवतात, आणि आजी रात्री जेवत नाहीत, संडास अंगणापलीकडं अंधारात आहे हे फक्त आशाताईंनाच माहीत असतं. त्यांनी सांगितलेल्याचं पुढं काय झालं तेही त्यांना कळवा, नायतर त्या सांगायचं सोडतात. आणि प्रत्येक पेशंट एकाच्या नावावर टाका, सगळे मिळून बघू म्हणलं की कुणीच बघत नाही.

मोजायची पद्धत पण सगळ्यांची एकच हवी. बीपी आधी आडवं झोपवून, मग उभं केल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी, वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

टीम मोडते ती बदलीनं. जाणाऱ्यानं नव्याला घेऊन निदान नाजूक पेशंटच्या घरी एक चक्कर मारावी. आणि ऊसतोडीला घरचे बाहेर गेले की म्हातारी माणसं मागं एकटी राहतात, तेव्हा गोळ्या कोण देणार, शेजारी कोण बघणार, हे दिवाळीआधीच वहीत लिहून ठेवा.