स्पायरोमेट्रीचा आलेख आधी, निष्कर्षाची ओळ नंतर

पुण्यात श्वसनविकारशास्त्राच्या एमडीचे पहिले वर्ष सुरू करणाऱ्यांना वॉर्ड, आयसीयू, रात्रपाळ्या आणि क्षयरोगाच्या नोंदी यांविषयी वरिष्ठ निवासी डॉक्टर पहिल्याच आठवड्यात सांगतात. आयसीडी (छातीतले पाणी किंवा हवा काढणारी नळी) टाकणे आणि ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणे) ही कौशल्येही हळूहळू अंगवळणी पडतात, कारण तिथली चूक लगेच दिसते आणि शेजारी कोणीतरी अनुभवी उभे असते. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे नळीत जोराने श्वास सोडून फुफ्फुसांचे काम मोजणाऱ्या चाचणीचे, तसे नाही. ती शेजारच्या खोलीत होते, आपल्यापर्यंत फक्त कागद येतो आणि त्यावरची चूक कित्येक महिने चूक म्हणून ओळखूच येत नाही.

माझ्या पहिल्या वर्षाच्या सहाव्या महिन्यात पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी वेल्ह्याहून ओपीडीत आल्या. दोन वर्षांपासून त्यांना चढावर दम लागत होता आणि विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढली नव्हती. अहवालात एफव्हीसी (जोराने सोडलेली एकूण हवा) १.६ लिटर, एफईव्ही-वन (त्यातली पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) १.२ लिटर आणि एफईव्ही-वनचे एफव्हीसीशी गुणोत्तर ०.७५ होते, त्याखाली यंत्राने ‘रिस्ट्रिक्शन’ (फुफ्फुसांत हवा कमी मावणे) अशी ओळ छापली होती. धूम्रपान नाही आणि गुणोत्तर ०.७० च्या वर आहे, तेव्हा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) नाही, असे ठरवून मी आयएलडीची (फुफ्फुसांच्या ऊतींच्या आजाराची) शंका लिहिली आणि एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) करायला सांगितले. त्यासाठी त्यांच्या मुलाने उसने पैसे आणले. सीटीत आयएलडीची कोणतीही खूण नव्हती, आणि या खटाटोपात त्यांचे तीन महिने इनहेलरविना गेले.

चूक कागदावरच होती, पण मी आकडे वाचले आणि आलेख पाहिला नाही. मावशींनी जेमतेम तीन सेकंद श्वास सोडून नळीवरून तोंड काढले होते, त्यामुळे वेळ आणि आकारमानाची रेषा सपाट होण्याआधीच तुटलेली होती. श्वासनलिका अरुंद झालेल्या रुग्णाची हवा सावकाश बाहेर पडते. तो मध्येच थांबला, तर पहिल्या सेकंदाचा आकडा, म्हणजे एफईव्ही-वन, तसाच राहतो, पण एफव्हीसी खोटी कमी दिसते. भाजक लहान झाला की गुणोत्तर वाढते, अवरोध लपतो आणि कमी एफव्हीसीमुळे यंत्र रिस्ट्रिक्शन छापते. पुन्हा चाचणी केली तेव्हा त्यांनी तेरा सेकंद श्वास सोडला. एफईव्ही-वन तोच १.२ आला, एफव्हीसी मात्र २.१ लिटर आली आणि गुणोत्तर ०.५७ झाले. श्वासनलिका रुंद करणारे साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी केलेल्या चाचणीतही ते ०.७० च्या खालीच राहिले, म्हणजे हा सीओपीडीच होता. त्यांचे सारे आयुष्य चुलीच्या धुरात गेले होते. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००९ सालीच आला होता आणि परीक्षेसाठी मी तो वाचलेलाही होता, तरीही चुलीविषयी मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

म्हणून अहवाल हाती आला की निष्कर्षाची ओळ बोटाने झाका. एटीएस आणि ईआरएस या अमेरिकी व युरोपीय श्वसनविकार संस्थांच्या २०१९ च्या निकषांनुसार शेवटच्या एका सेकंदात आकारमानात २५ मिलिलिटरपेक्षा कमी बदल व्हावा किंवा श्वास सोडणे १५ सेकंद चालावे. ते जमले नाही, तर निदान त्या प्रयत्नाची एफव्हीसी इतर प्रयत्नांशी जुळावी. सर्वांत चांगल्या दोन एफव्हीसींमध्ये आणि दोन एफईव्ही-वनमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा. एवढे तपासल्यावरही केवळ स्पायरोमेट्रीवरून रिस्ट्रिक्शन ठामपणे लिहू नका, कारण त्यासाठी टीएलसी, म्हणजे फुफ्फुसांत मावणारी एकूण हवा, वेगळ्या चाचणीने मोजावी लागते.

हे मला प्राध्यापकांनी नव्हे, तर चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञ ताईंनी शिकवले. आपल्याकडे ‘फुंका, फुंका’ असे सांगण्याची पद्धत आहे. पण जिने जन्मभर फुंकणीने चूल पेटवली, तिच्यासाठी फुंकणे म्हणजे ओठ आवळून घातलेली छोटी फुंकर. ताई म्हणायच्या, ‘मावशी, छातीतली सगळी हवा एका दमात बाहेर टाका, आणि मी थांबा म्हणेपर्यंत थांबू नका.’ स्वतः करून दाखवायच्या. माझे ठाम मत आहे की, पहिल्या वर्षी ज्याने त्या खोलीत दोन आठवडे काढले नाहीत आणि तीन लिटरच्या सिरिंजने यंत्राचे कॅलिब्रेशन (माप बरोबर येते का याची तपासणी) स्वतः केले नाही, त्याने अहवालावर सही करू नये. परीक्षेच्या आदल्या महिन्यात पाहिलेल्या व्हिडिओंनी आकड्यांची कोडी सुटतात, रुग्णाचा श्वास वाचता येत नाही.

पदवीनंतरच्या शिक्षणाचेही तेच. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, आणि ते नुसते सभागृहात बसूनही जमतात. तसे जमवू नका. नॅपकॉन या श्वसनविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेला गेलात तर व्याख्यानांआधीच्या कार्यशाळांत नाव नोंदवा, जिथे सोनोग्राफीचा प्रोब किंवा ब्राँकोस्कोपीचा स्कोप प्रत्यक्ष हातात येतो. वरिष्ठ निवडतानाही तोच विचार करा: नामांकित पण राउंडपुरते दिसणारे मार्गदर्शक मिळण्यापेक्षा, तुमच्या चुकलेल्या अहवालावर दहा मिनिटे शेजारी बसणारे सहयोगी प्राध्यापक मिळाले तर ते भाग्य समजा.

पहिले सहा महिने सगळेच हातातून निसटते आहे असे वाटेल. माझेही तसेच होते, आणि आपली निवड चुकली असे मी घरी दोनदा बोलून दाखवले होते. ती भीती खरी असली तरी ती टिकत नाही. रोजच्या ओपीडीतले पाच आलेख निष्कर्ष झाकून वाचा, आपले मत वहीत लिहा आणि मग ताईंना किंवा वरिष्ठांना दाखवा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त मते चुकलेली होती. तिसऱ्या महिन्यात तुटलेली रेषा आकड्यांच्या आधी दिसू लागली. मावशी अजून दर तीन महिन्यांनी येतात, आणि त्यांची चाचणी असली की मी त्या खोलीत जाऊन उभी राहते.